फ्लॉपीवरचे १.४४ आजच्या हिशेबात किती?

एकेकाळी प्रत्येक कार्यालयात आणि घरोघरच्या संगणकाशेजारी फ्लॉप्यांचा एक पारदर्शक डबा हमखास असे. पगारपत्रके, पुस्तकांची हस्तलिखिते, प्रबंध, सोसायटीचे हिशेब, मुलांचे शाळेतील प्रकल्प असा सगळा ऐवज त्यात सामावलेला असे. काळाच्या ओघात संगणकातून फ्लॉपीची खाच नाहीशी झाली. आज 'सेव्ह' करण्याच्या बटणावरचे चित्र एवढीच फ्लॉपीची ओळख नव्या पिढीला उरली आहे. तरीही जुन्या कपाटांतून असे डबे अजून निघतात आणि मग प्रश्न उभा राहतो, की यात नेमकी किती माहिती आहे, ती सगळी एका पेन ड्राइव्हवर मावेल का आणि उतरवून घेतली तर ती पूर्ण उतरली हे ओळखायचे कसे?

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तितके सरळ नाही. फ्लॉपीवर छापलेला '१.४४ एमबी' हा आकडा आजच्या कोणत्याही प्रमाणित एककात बरोबर बसत नाही. ३६०, ७२०, १.२ आणि २.८८ हे आकडेही वेगवेगळ्या पद्धतींनी मांडलेले आहेत. जुन्या फ्लॉप्यांतील मजकूर वाचवू पाहणाऱ्या लेखकांना, ग्रंथालयांना, संस्थांना आणि सामान्य कुटुंबांना उपयोगी पडावा, म्हणून हा हिशेब येथे पहिल्या पायरीपासून मांडला आहे.

बिट आणि बाइट

संगणकाला फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. यातील एक अंक म्हणजे एक बिट. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजी मजकुरातील एक अक्षर साठवायला साधारणपणे एक बाइट लागतो. साठवणुकीची क्षमता बाइटमध्ये सांगतात, तर इंटरनेटच्या जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात. हा फरक ध्यानात न घेतल्यास हिशेब थेट आठपटीने चुकतो. शंभर मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. पूर्ण वेगाने चालल्यास अशी जोडणी एका सेकंदात आठपेक्षा जास्त फ्लॉप्यांइतकी माहिती वाहून आणते.

हजार की एक हजार चोवीस?

गोंधळाचे खरे मूळ 'किलो' या शब्दात आहे. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत किलो म्हणजे हजार आणि मेगा म्हणजे दहा लाख. किलोग्रॅम आणि किलोमीटर आपण याच अर्थाने वापरतो. संगणकाचे सारे गणित मात्र दोनच्या घातांवर चालते. दोनचा दहावा घात १,०२४ येतो. तो हजाराच्या अगदी जवळचा असल्यामुळे संगणकतज्ज्ञांनी सोयीसाठी त्यालाच 'किलो' म्हणण्याचा प्रघात पाडला. १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट यांना 'मेगाबाइट' म्हटले जाऊ लागले.

एकाच नावाचे दोन अर्थ झाल्यामुळे होणारा घोटाळा दूर व्हावा, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये दोनच्या घातांसाठी स्वतंत्र नावे मंजूर केली. १,०२४ बाइट म्हणजे एक किबिबाइट, १,०२४ किबिबाइट म्हणजे एक मेबिबाइट आणि १,०२४ मेबिबाइट म्हणजे एक गिबिबाइट. किलोबाइट, मेगाबाइट आणि गिगाबाइट ही नावे अनुक्रमे एक हजार, दहा लाख आणि शंभर कोटी बाइटसाठी राखून ठेवण्यात आली. शास्त्रीय लेखनात ही नावे रुळली, पण बाजारात आणि संगणकाच्या पडद्यावर जुना घोळ बराचसा तसाच राहिला.

दोन्ही पद्धतींतील तफावत एकक मोठे होत जाते तशी वाढते. किलोच्या पातळीवर ती २.४ टक्के असते. मेगाच्या पातळीवर सुमारे ४.९, गिगाच्या पातळीवर ७.४ आणि टेराच्या पातळीवर जवळजवळ १० टक्के होते. फ्लॉपीच्या जमान्यात कुणाला फारसा न खटकलेला हा फरक पुढे न्यायालयापर्यंत पोहोचला, त्याचे कारण हेच आहे.

क्षमता ठरते कशी?

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली प्लास्टिकची एक पातळ, लवचीक चकती. तिच्यावर एकाच केंद्राभोवती वर्तुळाकार मार्ग आखलेले असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे सारखे तुकडे पाडलेले असतात. ते सेक्टर. वैयक्तिक संगणकाच्या फ्लॉपीत प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. त्यामुळे सूत्र सोपे आहे. एका बाजूवरील ट्रॅकची संख्या, बाजूंची संख्या, प्रत्येक ट्रॅकवरील सेक्टरची संख्या आणि सेक्टरमधील बाइट यांचा गुणाकार केला, की फ्लॉपीची खरी क्षमता मिळते.

सर्वाधिक प्रचारात असलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीचे उदाहरण घेऊ. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर आणि ५१२ बाइट यांचा गुणाकार १४,७४,५६० येतो. म्हणजे या फ्लॉपीवर चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे साठ बाइट मावतात. हा आकडा वादातीत आहे. पुढचा सारा गोंधळ तो कोणत्या एककात सांगायचा याचा आहे.

'१.४४' हा आकडा आला कुठून?

१४,७४,५६० ला १,०२४ ने भागले, की बरोबर १,४४० येतात. म्हणजे ही फ्लॉपी १,४४० किलोबाइटची, आणि तेही १,०२४ च्या हिशेबातल्या किलोबाइटची. आता याचे मेगाबाइट करायचे तर पुन्हा १,०२४ ने भागायला हवे होते. उत्पादकांनी मात्र येथे हजाराने भागले आणि १.४४ हा सुटसुटीत आकडा छापला. एका पायरीवर १,०२४ आणि दुसऱ्या पायरीवर १,००० असा हा संकर आहे. फ्लॉपीवरचा 'मेगाबाइट' ना दहा लाख बाइटचा, ना १०,४८,५७६ बाइटचा. तो १०,२४,००० बाइटचा आहे.

प्रमाणित एककांत मांडल्यास हीच फ्लॉपी दशमान पद्धतीने १.४७ मेगाबाइटची, तर दोनच्या घातांच्या पद्धतीने १.४१ मेबिबाइटची ठरते. लक्षात ठेवण्याजोगा सोपा नियम असा, की 'मेगाबाइट' म्हणून छापलेल्या फ्लॉपीच्या आकड्याला १.०२४ ने गुणले तर खरे मेगाबाइट मिळतात आणि १.०२४ ने भागले तर मेबिबाइट मिळतात. १.२ आणि २.८८ या आकड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

जेथे आकडा किलोबाइटमध्ये दिला आहे, उदाहरणार्थ ३६० किंवा ७२०, तेथे १,०२४ ने गुणले की थेट बाइट मिळतात. बाइटचा आकडा हाती आला, की त्यापुढे चुकण्याचे कारण उरत नाही. म्हणून जाणकार नेहमी आधी बाइटवर येतात आणि मग हव्या त्या एककाकडे वळतात.

आठ इंचांपासून साडेतीन इंचांपर्यंत

फ्लॉपीचा जन्म अमेरिकेतील आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत झाला. १९७१ मध्ये बाजारात आलेली पहिली फ्लॉपी आठ इंच रुंदीची होती. तिची क्षमता सुमारे ८० किलोबाइट होती आणि तिच्यावरून केवळ वाचता येत असे. मोठ्या संगणकांमध्ये मूलभूत सूचना भरण्यासाठी ती तयार करण्यात आली होती. १९७३ मध्ये आयबीएमच्या ३७४० या माहिती नोंदवण्याच्या यंत्रणेसोबत लिहिता-वाचता येणारी आठ इंची फ्लॉपी आली. तिच्यावर ७७ ट्रॅक होते. त्यांतील ७३ माहितीसाठी वापरले जात. प्रत्येक ट्रॅकवर १२८ बाइटचे २६ सेक्टर असल्याने तिची क्षमता २,४२,९४४ बाइट होती. पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे हाताळणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय होती.

१९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आणला. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने हीच फ्लॉपी स्वीकारली आणि ती जगभर पोहोचली. याच सुमारास सोनी या जपानी कंपनीने टणक आवरणाची साडेतीन इंची फ्लॉपी आणली. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने आणि १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ मालिकेने तिचा अंगीकार केल्यावर सव्वापाच इंची फ्लॉपी हळूहळू मागे पडली.

वाचकांच्या सोयीसाठी प्रमुख प्रकार, त्यांची बाइटमधील क्षमता आणि खऱ्या मेगाबाइटमधील आकडा पुढे देत आहोत.

सव्वापाच इंची फ्लॉप्या :
१६० केबी (१९८१) : १,६३,८४० बाइट, म्हणजे ०.१६ मेगाबाइट
३२० केबी (१९८२) : ३,२७,६८० बाइट, म्हणजे ०.३३ मेगाबाइट
१८० केबी (१९८३) : १,८४,३२० बाइट, म्हणजे ०.१८ मेगाबाइट
३६० केबी (१९८३) : ३,६८,६४० बाइट, म्हणजे ०.३७ मेगाबाइट
१.२ एमबी (१९८४) : १२,२८,८०० बाइट, म्हणजे १.२३ मेगाबाइट

साडेतीन इंची फ्लॉप्या :
मॅकिंटॉशची ४०० केबी : ४,०९,६०० बाइट, म्हणजे ०.४१ मेगाबाइट
मॅकिंटॉशची ८०० केबी : ८,१९,२०० बाइट, म्हणजे ०.८२ मेगाबाइट
७२० केबी : ७,३७,२८० बाइट, म्हणजे ०.७४ मेगाबाइट
१.४४ एमबी : १४,७४,५६० बाइट, म्हणजे १.४७ मेगाबाइट
२.८८ एमबी : २९,४९,१२० बाइट, म्हणजे २.९५ मेगाबाइट

याखेरीज एक खास प्रकार होता. सॉफ्टवेअर विकताना फ्लॉप्यांची संख्या कमी करता यावी, म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येक ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर बसवले. त्यामुळे त्याच साडेतीन इंची फ्लॉपीवर १७,२०,३२० बाइट मावू लागले. 'विंडोज ९५' च्या फ्लॉपी आवृत्तीसाठी ही युक्ती वापरण्यात आली होती.

एका फ्लॉपीचे तीन आकडे

जुन्या डब्यांवर बारकाईने पाहिल्यास कित्येकदा '२.० एमबी' असे छापलेले दिसते. आतल्या फ्लॉपीवर मात्र १.४४ भरते. ही ग्राहकाची फसवणूक नव्हे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. माहिती लिहिण्याचा वेग सेकंदाला पाच लाख बिट असतो. त्यामुळे एका फेऱ्यात एक लाख बिट, म्हणजे साडेबारा हजार बाइट लिहिले जातात. दोन्ही बाजू मिळून १६० ट्रॅक असल्याने एकूण आकडा बरोबर वीस लाख बाइट येतो. डब्यावरचे २ मेगाबाइट ते हेच.

परंतु हा कोरा कागद झाला. त्यावर रेघा आखल्याशिवाय लिहिता येत नाही. 'फॉरमॅट' करताना प्रत्येक सेक्टरचा पत्ता, दोन सेक्टरमधील मोकळी जागा आणि चुका ओळखण्याचे संकेत लिहावे लागतात. त्यात चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक जागा खर्ची पडते आणि १४,७४,५६० बाइट उरतात.

यानंतरही थोडी कपात होते. फ्लॉपीवरील २,८८० सेक्टरपैकी पहिला सेक्टर संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी, १८ सेक्टर फाइली कुठे आहेत याच्या दोन प्रतींतील नोंदवहीसाठी आणि १४ सेक्टर मुख्य यादीसाठी राखीव असतात. हे ३३ सेक्टर वजा जाता २,८४७ उरतात. त्यांत १४,५७,६६४ बाइट मावतात. १०,४८,५७६ ने भागल्यास हा आकडा १.३९ येतो. म्हणजे एकाच फ्लॉपीचे २.०, १.४४ आणि १.३९ असे तीन आकडे आढळतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. याच रीतीने ३६० केबीच्या फ्लॉपीत वापरण्याजोगे ३,६२,४९६, ७२० केबीच्या फ्लॉपीत ७,३०,११२ आणि १.२ एमबीच्या फ्लॉपीत १२,१३,९५२ बाइट उरतात.

आजच्या साधनांच्या तुलनेत

आता उलट बाजूने पाहू. ८० मिनिटांच्या, '७०० एमबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात आणि प्रत्येकात २,०४८ बाइट मावतात. गुणाकार ७३,७२,८०,००० येतो. याला १४,७४,५६० ने भागले तर उत्तर बरोबर ५०० येते, ना एक कमी ना एक जास्त. एका सीडीत पाचशे फ्लॉप्या, हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे.

दशमान पद्धतीच्या एका गिगाबाइटमध्ये ६७८ फ्लॉप्या मावतात. दोनच्या घातांच्या एका गिबिबाइटमध्ये हीच संख्या ७२८ होते. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीत सुमारे ३,१८७ आणि ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सुमारे २१,७०० फ्लॉप्या सामावतात. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये ६,७८,१६८ फ्लॉप्यांचा ऐवज बसतो. साडेतीन इंची फ्लॉपीची जाडी ३.३ मिलिमीटर असते. एवढ्या फ्लॉप्या एकावर एक रचल्या, तर मनोरा सव्वादोन किलोमीटरच्या घरात जाईल. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे आहे, यावरून काय ती कल्पना यावी.

रोजच्या वापरातील उदाहरण घ्यायचे तर मोबाइलवर काढलेल्या तीन मेगाबाइटच्या एका छायाचित्रासाठी तीन फ्लॉप्या लागल्या असत्या. १२८ किलोबिट दर्जाचे एमपी३ गाणे सेकंदाला १६,००० बाइट खाते. त्या हिशेबाने एका फ्लॉपीवर जेमतेम दीड मिनिटाचे गाणे मावते.

मराठी मजकूर तिप्पट का फुगतो?

मराठी वाचकांच्या दृष्टीने या हिशेबात आणखी एक महत्त्वाचा पदर आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत देवनागरी मजकूर साठवण्याच्या पद्धती आजच्यापेक्षा वेगळ्या होत्या. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या 'इस्की' या मानकात, ज्याची १९९१ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे, एका चिन्हाला साधारण एक बाइट पुरे. डीटीपी व्यवसायात प्रचलित असलेले फॉन्टही प्रत्येक आकृतीसाठी एकच बाइट वापरीत.

आज सर्वत्र रूढ झालेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. रिकाम्या जागेला मात्र एकच बाइट पुरतो. समजा, पुस्तकाच्या एका पानावर १,७०० देवनागरी चिन्हे आणि ३०० रिकाम्या जागा आहेत. इस्कीत हे पान २,००० बाइटचे होईल, तर यूटीएफ-८ मध्ये ५,४०० बाइटचे. म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर पूर्वीच्या पद्धतीने ७२८ पाने मावत, तर आजच्या पद्धतीने २६९ पानेच मावतील. जुन्या फ्लॉपीवरील कादंबरी युनिकोडमध्ये आणल्यावर तिची फाइल पावणेतीनपट झाली, तर मजकुरात काही भर पडली असे समजू नये. उलट, रूपांतरानंतर फाइल लहान झालेली दिसली, तर मजकूर गळाला असण्याची शंका अवश्य घ्यावी.

आणखी एक फरक 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' यांत दिसतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर जागेचे वाटप ५१२ बाइटच्या पटीत होते. आजच्या हार्ड डिस्कवर ते सामान्यतः ४,०९६ बाइटच्या पटीत होते. त्यामुळे शेकडो छोट्या फाइली हलवल्या, की त्या नव्या ठिकाणी अधिक जागा व्यापतात. माहिती तेवढीच असते. वाढते ती केवळ अडवलेली जागा.

न्यायालयापर्यंत गेलेला फरक

हार्ड डिस्कचे उत्पादक दशमान पद्धतीने क्षमता सांगतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजून पुढे 'जीबी' असेच लिहिते. त्यामुळे ५०० गिगाबाइटची नवी डिस्क जोडल्यावर पडद्यावर ४६५ जीबी दिसतात आणि एक टेराबाइटची डिस्क ९३१ जीबीची भासते. ग्राहकांना हा फरक खटकला. अमेरिकेत यावरून दाखल झालेल्या सामूहिक दाव्यांत वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये तडजोड केली. ॲपलने २००९ मध्ये आपल्या संगणकप्रणालीच्या १०.६ या आवृत्तीपासून पडद्यावरील हिशेब दशमान पद्धतीचा केला. परिणामी एकच पेन ड्राइव्ह विंडोजवर आणि मॅकवर वेगवेगळ्या क्षमतेचा दिसतो.

फ्लॉपीची निवृत्ती

१९९८ मध्ये ॲपलने आपला आयमॅक फ्लॉपी ड्राइव्हविना बाजारात आणला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पुढे इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. तरीही काही ठिकाणी तिची सेवा चालूच राहिली. भारतात टीडीएसची विवरणपत्रे संगणकीय स्वरूपात भरण्याची योजना २००३ मध्ये आली, तेव्हा ती फ्लॉपीवर किंवा सीडीवर सादर करण्याची सोय होती. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांच्या एका संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉप्या २०१९ पर्यंत वापरात होत्या. जपानमध्ये सरकारी कामकाजासाठी फ्लॉपी मागणाऱ्या नियमांविरुद्ध तेथील डिजिटल खात्याच्या मंत्र्यांनी २०२२ मध्ये मोहीम उघडली आणि २०२४ च्या मध्यापर्यंत असे हजाराहून अधिक नियम रद्द झाले.

हिशेबाचा प्रत्यक्ष उपयोग

एवढे सारे आकडे पाठ करून करायचे काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर जुन्या मजकुराच्या सुटकेत आहे. चुंबकीय लेप कायम टिकत नाही. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, चकतीवर बुरशी धरते. म्हणून फ्लॉप्यांतील ऐवज हवा असेल, तर तो उतरवून घेण्यात दिरंगाई करू नये. यूएसबीला जोडता येणारे साडेतीन इंची फ्लॉपीचे ड्राइव्ह आहेत आणि त्यांवर १.४४ एमबीच्या फ्लॉप्या वाचता येतात. सव्वापाच इंची फ्लॉप्यांसाठी जुना ड्राइव्ह आणि तो आजच्या संगणकाला जोडणारे 'ग्रीझवीझल' किंवा 'क्रायोफ्लक्स' यांसारखे स्वतंत्र उपकरण लागते. जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्या साध्या यूएसबी ड्राइव्हवर वाचल्या जात नाहीत, कारण त्यांच्यात चकती फिरण्याचा वेग ट्रॅकनुसार बदलत असे.

फ्लॉपी घालण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकती पट्टी हलवून छिद्र उघडे करावे. त्यामुळे तिच्यावर काही लिहिले जाण्याचा धोका टळतो. सव्वापाच इंची फ्लॉपीत याच्या उलट, कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. धातूची झडप हळूच सरकवून चकती पाहावी. बुरशीचे ठिपके दिसल्यास ती ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण त्यामुळे ड्राइव्हचे टोक खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडल्या जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असा प्रश्न पडद्यावर आला, तर होकार मुळीच देऊ नये. होकार दिला तर उरलेसुरले वाचवण्याची शक्यताही मावळते.

केवळ फाइली ओढून घेण्यापेक्षा संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत, जिला 'डिस्क इमेज' म्हणतात, ती काढून ठेवणे श्रेयस्कर. आपल्या हिशेबाचा खरा उपयोग येथे होतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची साधी प्रत नेमकी १४,७४,५६० बाइटचीच असली पाहिजे. ७२० केबीची असल्यास ७,३७,२८० आणि ३६० केबीची असल्यास ३,६८,६४० बाइट. फाइलच्या गुणधर्मांत यापेक्षा कमी आकडा दिसला, तर वाचन अर्धवट राहिले आहे हे ओळखावे. आकडा बरोबर असला, तरी काही प्रणाली न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्ये भरतात, हे ध्यानात ठेवून चुकांची नोंद तपासावी. एकदा न वाचलेला सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचला जाण्याची शक्यता असते. म्हणून एका अपयशाने फ्लॉपी टाकून देऊ नये.

एक उदाहरण देऊन हा हिशेब पुरा करू. एखाद्या वाचनालयाकडे १.४४ एमबीच्या साठ फ्लॉप्या आहेत. ६० गुणिले १.४४ असा भाबडा हिशेब केला, तर ८६.४ एमबी येतात. प्रत्यक्षात साठ प्रतींचे मिळून ८,८४,७३,६०० बाइट होतात, म्हणजे ८८.५ मेगाबाइट. विंडोजच्या पडद्यावर हाच साठा ८४.३ किंवा ८४.४ एमबी दिसेल. तिन्ही आकडे एकाच ऐवजाचे आहेत. ज्याला हे ठाऊक नाही, तो दोन मेगाबाइट कुठे गेले म्हणून शोधत बसेल किंवा खरोखरच दीड मेगाबाइटची एक फ्लॉपी राहून गेली, तरी तो नेहमीचाच फरक समजून सोडून देईल. यातील दुसरी चूक अधिक महागात पडणारी आहे, कारण त्या एका फ्लॉपीवर कुणाचा तरी सबंध प्रबंध किंवा एखाद्या संस्थेची वर्षाची कागदपत्रे असू शकतात.

साठ फ्लॉप्यांचा सारा ऐवज आजच्या लहानात लहान पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावतो. प्रतींना फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवरील मजकुराप्रमाणेच नावे द्यावीत, दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्या जपून ठेवाव्यात आणि सोबत प्रत्येक फ्लॉपीचा प्रकार व बाइटमधील आकडा यांची एक यादी करावी. एमबी आणि जीबी यांचे अर्थ प्रसंगानुसार बदलतात. बाइटचा आकडा मात्र बदलत नाही. म्हणून यादीत नोंद करायची ती बाइटचीच.